विंडोज १० चा सपोर्ट संपला: विंडोज ११ घ्यायची, थांबायचे की यंत्रच बदलायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि तेव्हापासून घरोघरी व लहान कार्यालयांत एकच प्रश्न विचारला जातो आहे: संगणक नीट चालत असताना त्याला हात कशाला लावायचा? प्रश्न रास्त आहे. जुलै २०१५ मध्ये आलेली विंडोज १० लोकांच्या अंगवळणी पडली आहे, तिच्यावर बसवलेली सॉफ्टवेअर आणि प्रिंटर एकमेकांशी जुळलेले आहेत, आणि बसलेली घडी विस्कटू नये असे वाटणे स्वाभाविक आहे.

उत्तरे मात्र बहुतेक वेळा यंत्र न पाहताच दिली जातात. विक्रेता नवा लॅपटॉप सुचवतो, तर ओळखीतला जाणकार "काही होत नाही, चालू द्या" असे सांगून मोकळा होतो. माझे म्हणणे असे आहे की नवी विंडोज चांगली की वाईट, यावरून हा निर्णय घेऊच नये. त्या यंत्रावर रोज कोणते काम चालते, ते काम इंटरनेटवर किती अवलंबून आहे आणि बदल केल्यावर त्यातले नेमके काय अडेल, हे आधी पाहावे. एकाच कार्यालयातल्या शेजारशेजारच्या दोन संगणकांसाठी दोन वेगळे निर्णय योग्य ठरू शकतात.

सपोर्ट संपतो म्हणजे काय होते

सपोर्ट संपल्याने संगणक बंद पडत नाही, फायली जात नाहीत आणि परवानाही रद्द होत नाही. थांबतात त्या सुरक्षा दुरुस्त्या. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे आपल्याकडे रात्र झालेली असताना, मायक्रोसॉफ्ट त्या महिन्यातल्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. ऑपरेटिंग सिस्टिमचा पसारा इतका मोठा असतो की तिच्यात नव्या फटी सापडतच राहतात, आणि त्या बुजवण्याचे काम सपोर्टच्या मुदतीत अव्याहत चालू असते.

आता यातली खरी मेख लक्षात घेतली पाहिजे. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा पुष्कळसा पाया एकच आहे. विंडोज ११ साठी एखादी दुरुस्ती बाहेर पडली की हल्लेखोर दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून तपासतात, आणि काय बदलले यावरून फट नेमकी कुठे होती ते शोधून काढतात. वसाहतीतल्या अर्ध्या घरांची कुलपे बदलली आणि जुन्या कुलपाची किल्ली कशी बनते याचा कागद सूचना फलकावर लावला, तर उरलेल्या घरांची जी स्थिती होईल, ती दुरुस्ती न मिळणाऱ्या विंडोज १० ची होते. म्हणून हा धोका पहिल्या आठवड्यात जाणवत नाही, पण प्रत्येक महिन्यागणिक वाढत जातो.

दुरुस्ती वेळेवर बसवण्याचे मोल किती असते, हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील फाइल शेअरिंगच्या एका फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती, आणि तीच फट वापरून १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. मध्ये जवळपास दोन महिने हातात होते. त्यानंतर जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. नॉटपेट्या त्याच फटीतून शिरत होताच, शिवाय एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड वापरून दुरुस्ती बसवलेल्या यंत्रांतही जात होता. नेटवर्कमधले एक दुर्लक्षित यंत्र बाकीच्या सांभाळलेल्या यंत्रांनाही कसे गोत्यात आणते, ते यातून दिसते.

"अँटिव्हायरस आहे ना" हे उत्तर इथे पुरत नाही. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत नवी माहिती मिळत राहणार आहे आणि ती उपयोगाची आहे. परंतु अँटिव्हायरस ओळखीचा चोर पकडतो, भिंतीतली फट बुजवत नाही. ब्राउझरच्या बाबतीत काहीसा दिलासा आहे. विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी गूगल क्रोमने तिच्यासाठी नव्या आवृत्त्या देणे फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबवले. तेव्हा ब्राउझर लगेच जुना होईल अशी भीती बाळगू नये, मात्र ब्राउझर ताजा असला म्हणजे त्याखालची विंडोज सुरक्षित झाली असेही समजू नये.

आपले यंत्र विंडोज ११ साठी पात्र आहे का

मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन याचे थेट उत्तर देते, पण 'पात्र नाही' असा शेरा आला की पुष्कळ लोक तिथेच थांबतात, आणि ते चुकीचे आहे. त्या शेऱ्यामागे दोन अगदी वेगळ्या प्रकारची कारणे असू शकतात.

पहिला प्रकार दुरुस्त होण्यासारखा असतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी छोटी यंत्रणा. ती कधी वेगळ्या चिपच्या रूपात असते, तर कधी प्रोसेसरमध्येच सामावलेली असते. अनेक यंत्रांत ती असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते, आणि तिथे ती टीपीएम या नावाने न दिसता इंटेलच्या यंत्रात 'पीटीटी' आणि एएमडीच्या यंत्रात 'एफटीपीएम' या नावाने दिसते. दुसरी अट 'सिक्युअर बूट'ची, म्हणजे संगणक सुरू होताना अधिकृत स्वाक्षरी असलेलाच कोड चालू देण्याच्या सोयीची आहे. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'समोर काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे 'यूईएफआय' असेल तर काम सोपे आहे. 'लेगसी' असेल तर बायोसमध्ये जाऊन परस्पर मोड बदलू नये, कारण डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असल्यामुळे संगणक सुरूच होणार नाही. आधी विंडोजमधल्याच साधनाने डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते आणि मगच मोड बदलायचा असतो. हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

दुसरा प्रकार दुरुस्त न होणारा असतो, आणि तो म्हणजे प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर मान्य आहेत. पिढी ओळखणे अवघड नाही. 'आय५-७२००यू' असे लिहिलेले असेल तर जोडरेघेनंतरचा पहिला अंक सात, म्हणजे सातवी पिढी. 'आय५-८२५०यू' म्हणजे आठवी. आणि 'आय५-११३५जी७' असेल तर पहिले दोन अंक धरायचे, म्हणजे अकरावी. लॅपटॉपवरच्या स्टिकरवर केवळ 'कोअर आय ५' एवढेच असते, त्यावरून काही कळत नाही. एएमडीच्या बाबतीत सर्वसाधारणपणे रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत.

कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरेशी असल्याचे सांगितले जाते. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होते, पण ब्राउझरच्या चार खिडक्या आणि एक्सेल उघडले की यंत्र धापा टाकू लागते. रोजच्या कामासाठी ८ जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असल्याशिवाय हा बदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पात्र असलेल्या अनेक यंत्रांत हा लहानसा खर्च नव्या लॅपटॉपचा मोठा खर्च काही वर्षे पुढे ढकलू शकतो.

खरा अडथळा: आपली जुनी सॉफ्टवेअर आणि उपकरणे

यंत्र पात्र ठरले तरी निर्णय झालेला नसतो. बहुतेक ठिकाणी फसगत होते ती पुढच्या टप्प्यात, आणि मराठीतून काम करणाऱ्या कार्यालयांना तिचा फटका जरा जास्तच बसतो.

सगळ्यात आधी सेटिंग्जमधील 'अबाउट' या पानावर 'सिस्टिम टाइप' पाहावे. विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळत होती. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये आहे. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, परंतु डॉसच्या काळातले, उदाहरणार्थ फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेले, हिशेबाचे किंवा सभासदांच्या नोंदींचे १६ बिट प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर आजही चालवता येतात आणि ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत. एखाद्या संस्थेच्या खातेनोंदी अशा प्रोग्रॅमवर असतील, तर तिथे विंडोज ११ टाकणे म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर बंद ठेवणे होय. यावर उपाय आहे: नव्या यंत्रात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, तयार करून त्यात जुनी विंडोज आणि जुना प्रोग्रॅम ठेवता येतो. तथापि पासबुक किंवा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर त्यातून छपाई नीट होते का, हे आधी करून पाहिल्याखेरीज जुने यंत्र हलवू नये.

डीटीपीचे काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. पेजमेकर ७.० ही २००१ सालची आवृत्ती आजही वापरात आहे, आणि श्रीलिपीसारख्या मराठी टंकसंचांच्या जुन्या आवृत्त्या अनेकांकडे यूएसबी डोंगलवर, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणावर, चालतात. डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखून देणारा प्रोग्रॅम, लागतो. विंडोज ११ नव्याने टाकल्यावर 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचे संरक्षण बहुतेक यंत्रांत आपोआप चालू असते आणि ते जुन्या धाटणीचे ड्रायव्हर अडवते. मग सॉफ्टवेअर उघडते, पण डोंगल सापडत नाही असे सांगते. हे संरक्षण बंद करून काम भागवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो शेवटचा उपाय मानावा, आणि आधी कंपनीकडे नव्या आवृत्तीची किंवा नव्या ड्रायव्हरची चौकशी करावी. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर इंग्रजी अक्षरांच्याच सांकेतिक क्रमांकांवर साठवलेला असतो, त्यामुळे ते फॉन्ट नव्या यंत्रात गेले नाहीत तर वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अहवाल आणि प्रश्नपत्रिका उघडल्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो; फॉन्ट नसतो. तेव्हा फॉन्टच्या फायलींचा बॅकअप कागदपत्रांइतक्याच काळजीने घ्यावा.

युनिकोड वापरणाऱ्यांनाही एक बारीक गोष्ट माहीत असावी. मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात राहिलेले नाहीत, ते देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेले आहेत. विंडोज कोरी टाकल्यावर हा संच जोडलेला नसेल, तर मंगलमध्ये तयार केलेले वर्डमधील पत्र दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते, ओळी लांबतात आणि एका पानाचा आदेश दोन पानांवर जातो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडावी आणि 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरी फॉन्ट आले आहेत की नाही ते तपासावे. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्टबरोबरच मराठी फोनेटिक कळफलकही विंडोजमध्येच मिळतो, त्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर शोधावे लागत नाही.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर ज्यांचे काम अवलंबून आहे, म्हणजे करसल्लागार, कंत्राटदार, ई-निविदा भरणारे, त्यांनी टोकनचा ड्रायव्हर आणि स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवावे. जुन्या ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि टोकनचा पिन या वेगळ्या गोष्टी आहेत. पिन आठवत नसताना अंदाजाने टाकत राहिले तर टोकन लॉक होते.

आणखी एक अडचण फार थोड्यांच्या लक्षात येते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, तिच्या प्रो रूपात, नेटवर्कवरून फायलींची देवाणघेवाण करताना दोन्ही यंत्रांनी संदेशांवर आपोआप करायची स्वाक्षरी (वरच्या टोकनची नव्हे) सक्तीची झाली आणि पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश बंद झाला. कार्यालयातले जुने झेरॉक्स मशीन स्कॅन केलेली पाने थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकत असेल, तर ते काम या बदलानंतर अचानक थांबू शकते. दोष ना मशीनचा असतो ना संगणकाचा. नव्या नियमाला जुने यंत्र पुरे पडत नाही, आणि मग ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन घेण्याची सोय करावी लागते.

यंत्र पात्र नसेल तर

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देण्याची योजना ठेवली आहे. तीत सहभागी होण्यासाठी यंत्रावर २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते असावे लागते. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालू केला तर वेगळे पैसे पडत नाहीत. अन्यथा ३० डॉलर किंवा तेवढ्याच किमतीची स्थानिक रक्कम, अथवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्यावे लागतात. तीत नव्या सोयी किंवा तांत्रिक मदत मिळत नाही, सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या मिळतात. डोमेनला, म्हणजे कार्यालयाच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या नियंत्रणाला, जोडलेल्या यंत्रांसाठी ही योजना नाही. संस्थांसाठीच्या योजनेचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. म्हणजे तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्या रकमेत सातव्या पिढीचे यंत्र जपण्याऐवजी नवे घेणे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे ठरेल.

अट चुकवून अपात्र यंत्रावर विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत आणि दुकानांत त्या बिनदिक्कत वापरल्या जातात. अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ ने, तिला लागणाऱ्या काही मूलभूत आज्ञा ज्यांना कळत नाहीत अशा फार जुन्या प्रोसेसरवर सुरू होण्यासच नकार दिला, हे उदाहरण समोर आहे. स्वतःच्या जबाबदारीवर घरच्या जादा यंत्रावर हा प्रयोग करण्यास हरकत नाही. दुसऱ्यांचे पैसे आणि कागदपत्रे ज्या यंत्रावर आहेत, तिथे तो करू नये. परवाना नसलेली, क्रॅक लावलेली विंडोज असेल तर विंडोज ११ कडे जाऊन ती अधिकृत होत नाही, आणि क्रॅकचे साधन हेच कित्येकदा घुसखोरीचे दार असते.

ज्या यंत्रावर ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ आणि साधे लेखन यापलीकडे काही होत नाही, त्याच्यासाठी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, हा मनापासून सुचवावासा वाटणारा पर्याय आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, मराठी टंकलेखन होते, लिबरऑफिस सोबत येते, आणि मुख्य म्हणजे पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, डिस्कला हात न लावता, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहता येते. टॅली, पेजमेकर किंवा डोंगलवरचे सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये.

एकच जुने काम करणारे यंत्र, जसे कटिंग प्लॉटर किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेला संगणक, आहे तसेच ठेवणेच पुष्कळदा योग्य असते. पण मग त्याचे इंटरनेट काढावे, ते कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कमधूनही वेगळे करावे, आणि त्यावर ईमेल किंवा बँकेचे संकेतस्थळ कधीही उघडू नये.

बदल करायचा ठरल्यावर

वेळ निवडण्यात घाई करू नये. हिशेबाच्या यंत्राला मार्चअखेरीस, किंवा जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास हात लावू नये. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप मानू नये. टॅलीचा डेटा, फॉन्ट, ब्राउझरचे बुकमार्क आणि आउटलुकमधले ईमेल साठवणारी पीएसटी फाइल या नेहमी मागे राहणाऱ्या गोष्टी आहेत. यंत्रातली हार्डडिस्क जुनी असेल तर अपग्रेडच्या काळात तिच्यावर मोठा ताण येतो आणि डळमळीत डिस्क नेमकी तेव्हाच दगा देते, म्हणून आधी एसएसडी बसवावी आणि नंतर विंडोज बदलावी.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, आणि बायोसमध्ये बदल करण्यापूर्वी ते तात्पुरते थांबवावे. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केली की अनेक यंत्रांत एन्क्रिप्शन न विचारता चालू होते, त्यामुळे आपण ते लावलेच नव्हते असे गृहीत धरू नये. ती की कोणाच्या खात्यावर जमा झाली आहे हेही पाहावे. विंडोज टाकून देणाऱ्याने स्वतःचे खाते वापरले असेल, तर पुढे डेटाची किल्ली त्याच्याकडे राहते.

विंडोज ११ घेतली की काळजी कायमची मिटली असेही नाही. तिच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला होम आणि प्रो रूपांत २४ महिनेच दुरुस्त्या मिळतात, आणि २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजीच संपते. त्याचप्रमाणे ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्टही विंडोज १० बरोबरच संपला आहे, तो विंडोज बदलल्याने परत मिळत नाही.

जुन्या विंडोजवरूनच सरळ अपग्रेड केले असेल तर मागे फिरण्याची सोय सामान्यतः १० दिवस राहते. त्यासाठी 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर जागा मोकळी करण्याच्या नादात पुसू नये. या दहा दिवसांत नुसते ईमेल पाहून समाधान मानू नये. पावती छापावी, स्कॅन घ्यावे, टोकनने एक स्वाक्षरी करावी, जुन्यातली जुनी मराठी फाइल उघडावी, टॅलीतून गेल्या वर्षाचा ताळेबंद काढावा, आणि महिन्यातून एकदाच लागणारे जे काम असेल तेही मुद्दाम याच दिवसांत करून पाहावे.